सोन्याला तिजोरी, कागदाला पिशवी

अब्बांच्या इंतकालनंतर दीडेक वर्षाने अम्मी गावचं घर बंद करून कायमची आमच्याकडे कळव्याला राहायला आली. बरोबर कपड्यांच्या दोन बॅगा, मसाल्याची बरणी आणि एक लोखंडी पेटी होती. पेटी पलंगाखाली सरकवली आणि त्या रात्रीपासून घरात एक नवीन विषय सुरू झाला. मी आणि बायको सकाळी आठच्या आत लोकल गाठायला बाहेर पडतो, मुलगी कॉलेजला जाते. अम्मी दुपारी शेजारी गेली की घराला नुसतं कुलूप. "आता घरात तिजोरी घ्यायला हवी," असं बायको म्हणाली आणि ते बरोबरच होतं. पण कोणती घ्यायची, हे ठरवायला आम्हाला महिना लागला.

त्या महिन्यात मी दुकानं पाहिली, तिजोऱ्या बसवणाऱ्या कारागिरांशी बोललो, थोडं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. कारण कळवा, मुंब्रा, कौसा भागात अशा लोखंडी पेट्या घरोघरी आहेत, आणि त्या उघडल्या की आत साधारण एकाच प्रकारचा ऐवज निघतो.

आमच्या पेटीत तळाशी जुन्या ओढणीत बांधलेलं सोनं होतं. सोनाराकडे वजन केलं तेव्हा १२० ग्रॅम भरलं. त्यावर कागद. अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांचे कुवेतच्या नोकरीच्या काळातले दोन जुने पासपोर्ट, निकाहनामा, गावच्या घराचं खरेदीखत, जुने सातबारे, आम्हा भावंडांचे जन्मदाखले. सोनं खाली आणि कागद वर का, असं मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "घर सोडून पळायची वेळ आली तर हात आधी कागदावर पडायला हवा." हे वाक्य मला तेव्हा साधं वाटलं होतं. तिजोरीचा शोध संपेपर्यंत लक्षात आलं की सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यातच आहे.

भीती कशाची?

तिजोरीच्या दुकानात गेलं की विक्रेता आधी कुलूप दाखवतो. आकडे दाबायचं, बोटाच्या ठशाचं, दोन चाव्यांचं. पण कुलुपाच्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला भीती नेमकी कशाची आहे?

कळव्यात राहणाऱ्या माणसाला चार भीती आहेत. पहिली चोराची, ती सगळीकडे असते. दुसरी आगीची. तिसरी पाण्याची. आपल्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी काय काय गमावलं, हे या भागातल्या जुन्या माणसांना विचारून पाहा. टीव्ही-फ्रीजचं दुःख ते केव्हाच विसरले, भिजून लगदा झालेल्या कागदांचं अजून सांगतात. चौथी भीती घराचीच. ठाणे महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची. मग सी-२बी आणि सी-३. ज्यांच्या इमारतीचं नाव सी-१ मध्ये येतं, त्यांच्यापुढे अचानक प्रश्न उभा राहतो की हातात काय घेऊन निघायचं. डोंगराच्या उतारावर राहणाऱ्यांना तर तेवढीही सवड मिळत नाही. जुलै २०२१ मध्ये कळवा पूर्वेला घोलाईनगरात दरड घरावर आली आणि पाच जीव गेले.

आता या चार भीती एकमेकींशेजारी ठेवून पाहा. चोरापासून वाचवायची वस्तू हलता कामा नये. ती जितकी जड आणि जितकी घट्ट बसवलेली, तितकी चांगली. पण पुरात किंवा इमारत रिकामी करताना वाचवायची वस्तू एका हाताने उचलता आली पाहिजे. एकच पेटी एकाच वेळी जड आणि हलकी असू शकत नाही. आपण सोनं आणि कागद एकत्र ठेवतो ते सवयीने, त्यांच्या गरजा मात्र उलट्या आहेत.

तिजोरी विकते ती मिनिटं

आपल्याकडे तिजोरी म्हटलं की गोदरेजचं नाव येतं. आर्देशिर गोदरेज वकिली सोडून या धंद्यात आले, १८९७ मध्ये मुंबईत लालबागला त्यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिजोऱ्याही बनू लागल्या. पुढे गोदरेजचं कपाट हा मध्यमवर्गी लग्नातला आहेर झाला. म्हणूनच एक गैरसमजही रुजला, की लोखंडी कपाटातला लॉकर म्हणजे तिजोरी. तो पातळ पत्र्याचा कप्पा असतो. नोकरमाणसाच्या किंवा लहान मुलांच्या नजरेआड वस्तू ठेवायला ठीक. पहार घेऊन आलेल्या माणसाला तो फार वेळ थोपवू शकत नाही, आणि बेडरूममधलं कपाट तर तो सर्वांत आधी उघडतो.

खऱ्या तिजोरीचा दर्जा कसा मोजतात, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या मोजमापात टीएल-१५ म्हणजे जाणकार माणूस हत्यारं घेऊन दरवाजावर तुटून पडला तरी प्रत्यक्ष कामाची पंधरा मिनिटं तो टिकतो. टीएल-३० म्हणजे तीस मिनिटं. आगीपासूनचं संरक्षणही असंच, अर्धा तास, एक तास, दोन तास. 'कधीच उघडणार नाही' असं कोणतंही मानक म्हणत नाही. पैसे मोजून आपण मिनिटं विकत घेतो. त्या मिनिटांत कुणाला तरी आवाज ऐकू यायला हवा, कुणीतरी दार वाजवायला हवं. बंद दारांच्या मजल्यावर टीएल-३० चा उपयोग फक्त तीस मिनिटांचा. भारतात तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे. विक्रेत्याला या मानकाबद्दल जरूर विचारा, आणि 'फायरप्रूफ' एवढाच शब्द पुरेसा मानू नका. किती मिनिटांची, कुणी तपासलेली, हे कागदावर मागा.

आग आणि चोरी या दोन गोष्टींसाठी तिजोरी वेगवेगळी लागते, हेही दुकानात सहसा कुणी आपणहून सांगत नाही. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंतींत असं मिश्रण भरलेलं असतं की तापल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि आतली हवा थंड ठेवतं. आतलं तापमान साधारण १७७ अंशांच्या आत राहिलं तर कागद वाचतो, अशी त्यामागची मोजणी आहे. सोन्याला एवढ्या काळजीची गरज नाही, ते १०६४ अंशांना वितळतं. उलट पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क कागदाच्याही आधी खराब होते. आणि याच मिश्रणातला ओलावा एरवीही थोडा थोडा आत येत राहतो. खाडीकाठच्या दमट हवेत अशा तिजोरीत कागद बंद करून वर्षभर विसरलात तर बुरशी धरलेली दिसेल. त्यामुळे महिन्यातून एकदा उघडायची आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या.

घरगुती चोरीसाठी आम्हाला लागणाऱ्या गोष्टी साध्या निघाल्या. बाजारात दहा-पंधरा किलोच्या छोट्या डिजिटल तिजोऱ्या भरपूर मिळतात. तशीच कपाटात ठेवली तर चोर ती फोडत बसत नाही, पिशवीत घालून घेऊन जातो. म्हणजे आपण त्याच्यासाठी सगळा ऐवज एका जागी बांधूनच ठेवलेला असतो. म्हणून तिजोरीच्या पाठीला आणि तळाला बोल्ट मारायची भोकं आहेत का ते पाहायचं, आणि ती काँक्रीटच्या भिंतीला किंवा कॉलमला लागून फास्टनरने पक्की करायची. चार इंची विटांच्या आतल्या भिंतीत बोल्ट मारून उपयोग नाही, पहारीने विटेसकट निघतो. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीलाही नको. कॉलममधल्या सळईला ड्रिल लागू नये, म्हणून कारागिराला आधी सळया कुठे आहेत ते तपासायला सांगा.

'जितकी जड तितकी चांगली' हा नियमही आपल्या जुन्या इमारतींत जपून वापरायचा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून आखतात. तीनशे किलोची दुकानातली तिजोरी स्वस्तात मिळाली म्हणून तीस-चाळीस वर्षं जुन्या, गळक्या स्लॅबच्या मधोमध उभी करणं म्हणजे सोनं वाचवायला घर धोक्यात घालणं. आमची तिजोरी चाळीस किलोच्या आसपास आहे, कॉलमला टेकलेली, जमिनीपासून हातभर वर.

कुलुपाबद्दल तीन गोष्टी. कारखान्यातून आलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला. आणीबाणीची चावी तिजोरीत किंवा शेजारच्या खणात ठेवू नका. आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर बोटाच्या ठशावर अवलंबून राहू नका. आयुष्यभर भांडी घासून आणि तांदळाच्या भाकऱ्या थापून अम्मीच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की दुकानातल्या यंत्राने तिला ओळखलंच नाही. आम्ही आकड्यांचं कुलूप घेतलं.

मग बँकेचं लॉकर का नाही?

सोनं महिनोन्‌महिने लागणारच नसेल तर लॉकर अजूनही चांगला पर्याय आहे. पण तिथे काय मिळतं ते माहीत असावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमिताभ दासगुप्ता यांच्या खटल्यात बँकांना सांगितलं की लॉकरच्या बाबतीत त्या हात झटकू शकत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे नियम काढले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा अम्मीच्या १२० ग्रॅमचेच बारा लाखांच्या वर होतात. भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा स्वतःचा निष्काळजीपणा नसेल तर, तेही नाही. लॉकर घेतलंत तर वारसाचं नामांकन मात्र नक्की करा.

अम्मीला लॉकर नको होतं, त्याचं कारण वेगळं. ईदला, लग्नाला तिला बांगड्या घालायच्या असतात, आणि दर वेळी मुलाला रजा काढायला लावणं तिला पटत नाही. स्वतःच्या वस्तूसाठी तिला कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती.

कागदाची पिशवी

२२ जुलै २०२१ ला, घोलाईनगरच्या दरडीनंतर दोन-तीन दिवसांतच, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. माझ्या फुफीचं घर बाजारपेठेच्या मागे. तिचं लोखंडी कपाट जागेवरून हललं नाही, कुलूपही शाबूत होतं. पाणी ओसरल्यावर ते उघडलं तेव्हा सोनं चिखलात जसंच्या तसं सापडलं, धुऊन घेतलं. फुफाजींची सेवापुस्तिका आणि मुलांचे दाखले मात्र एकमेकांना चिकटून त्यांचा एकच लगदा झाला होता. पुढचं वर्ष तिने एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात घालवलं.

कागद गमावण्याची ही भीती आपल्याकडे नुसत्या गैरसोयीची राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्या बाहेर राहिली. ब्रह्मपुत्रेच्या पुरात वर्षानुवर्षं घरं वाहून जाणाऱ्या प्रदेशातली ही माणसं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या कितीतरी घरांत ट्रंका उघडल्या गेल्या, आजोबांच्या नावातला 'शेख' इथे आहे आणि तिथे नाही, यावर रात्र रात्र खल झाला. सोनं गेलं तर पैशाने परत घेता येतं. १९५८ साली शाळेने दिलेला दाखला कुठल्याही सोनाराकडे मिळत नाही.

म्हणून आम्ही कागदांचे दोन ढीग केले. पहिला, पुन्हा मिळू शकणाऱ्यांचा. सातबारा आता डिजिटल सहीचा मिळतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. जन्मदाखल्याची प्रत महापालिका किंवा ग्रामपंचायत देते. आधार, वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये असतात आणि ते मूळ प्रतीइतकेच ग्राह्य आहेत. दुसरा ढीग पुन्हा न मिळणाऱ्यांचा. अब्बांचा दाखला, जुने पासपोर्ट, हाताने लिहिलेला निकाहनामा. हा ढीग लहान निघाला, एका पिशवीत मावणारा. सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवलं आणि मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशव्यांत घालून एका पाणी न शिरणाऱ्या बॅगेत भरले. ही बॅग तिजोरीत नाही, दारामागच्या खुंटीवर आहे. चोराला तिच्यात काही रस नाही. घर सोडायची वेळ आली तर मुलगी ती एका हाताने उचलू शकते.

कोंडलेल्या सोन्याचा हिशोब

सोनं तिजोरीत गेलं आणि एक प्रश्न निघाला, जो पेटी पलंगाखाली असताना कुणी काढला नव्हता. आम्ही कोकणातले, शाफई. माझी बायको सोलापूरची, हनफी. हनफी मसलकात बाईच्या दागिन्यांवर, ती घालो न घालो, निसाब पूर्ण झाला की जकात आहे. शाफई मसलकात रास्त प्रमाणात घालण्यासाठी ठेवलेल्या दागिन्यावर जकात नाही, पण साठा म्हणून ठेवलेल्या सोन्यावर आहे. निसाब ८७.४८ ग्रॅम सोन्याचा. जुन्या तोळ्याने साडेसात तोळे होतात. आजचा सोनार दहा ग्रॅमचा तोळा धरतो, त्याच्या हिशोबाने पावणेनऊ. 'साडेसात तोळे' ऐकून आजच्या तोळ्याने मोजणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मी काही आलिम नाही, आपापल्या उलमांना विचारूनच ठरवावं. अम्मीने मात्र कुणाला विचारलं नाही. तिने ओढणी सोडली, नेहमीच्या दोन बांगड्या आणि कानातले बाजूला काढले, आणि उरलेल्याकडे बघून म्हणाली, "हे मी बारा वर्षांत घातलेलं नाही. तुझ्या या लोखंडाच्या डब्यात जायचं म्हणजे हा साठाच झाला." उरलेलं ९२ ग्रॅम भरलं. अडीच टक्क्यांनी वर्षाला २.३ ग्रॅमची किंमत होते. या रमजानमध्ये तिने ती दिली.

अमानत आणि वही

तिजोरी बसली त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान आल्या. विधवा, मुलगा परगावी. "माझे दोन कडे तुमच्याकडे राहू देत का?" तिजोरी घेताना याची तयारी ठेवा, कारण शेजारी विचारणारच. अमानतीचं ओझं आपल्या परंपरेत केवढं आहे ते वेगळं सांगायला नको. मक्केतले लोक विरोधात असूनही आपला ऐवज पैगंबरांकडेच ठेवत, आणि हिजरतच्या रात्री त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली मागे थांबले. मुंबईलाही असा एक दाखला आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा जहाजातल्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या. एक वीट बंदरापासून लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती सरकारला परत केली. जहाजाच्या पोलादाला जे जमलं नाही ते त्या माणसाने केलं.

पण चांगुलपणावर सोडून द्यायलाही आपल्याला शिकवलेलं नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. म्हणून खालाजानचे कडे त्यांच्यासमोर वजन करून पाकिटात बंद केले, पाकिटावर त्यांची सही घेतली, आणि वहीत तारीख, वजन, त्यांच्यामागे ते कुणाला द्यायचे हे लिहिलं. अम्मी म्हणाली, "परक्याचं लिहिलंस, तर आपलंही लिही."

तिच्या सांगण्यावरून पुढचं पान तिच्या सोन्याचं झालं. कोणता दागिना किती वजनाचा, कुठला मेहरचा, कुठला तिने स्वतः घेतलेला. कोड तिला आणि माझ्या बायकोला माहीत आहे. बायकोचं सोनंही त्याच तिजोरीत आहे आणि त्याचं पान वेगळं. या पानांचा फोटो अम्मीने त्याच संध्याकाळी माझ्या महाडच्या बहिणीला पाठवायला लावला. मी विचारलं, इतकी घाई कशाला? तिने सरळ सांगितलं, "तिजोरी तुझ्या घरात आहे. उद्या मी नसेन. तिचा हिस्सा तिला मागावा लागू नये."

चोराची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून आपण फास्टनर मोजतो आणि कुलपं तपासतो. बहिणींचा हिस्सा मात्र कितीतरी घरांत कुलूप न तोडताच जातो. आईचं सोनं भावाच्या कपाटात असतं, किती होतं ते कुणी लिहिलेलं नसतं, आणि जनाजा उठल्यावर विचारायची सोय राहत नाही. तिजोरी घ्यायला निघालात तर त्याच दिवशी एक वहीही घ्या. आमच्या वहीच्या आता तीन प्रती आहेत. एक तिजोरीत, एक दारामागच्या बॅगेत आणि एक महाडला.